चौदा पिलांचा संसार

आपल्यासारख्या पांढरपेशा माणसाच्या घरात अंडे येते ते डझनाच्या हिशेबाने. कागदी लगद्याच्या ट्रेमधून ते येते, फ्रिजच्या दारातल्या खळग्यांत बसते आणि तिथून थेट तव्यावर जाते. त्याच्या आत कोणी असू शकेल ही शंका आपल्याला शिवत नाही, आणि न शिवण्यात काही गैरही नाही. कारण आत खरोखरच कोणी नसते. बाजारातले पांढरे अंडे ज्या कोंबडीचे, तिने जन्मात कोंबड्याचे तोंड पाहिलेले नसते. ते महिनाभर उबवत ठेवा, पिलू म्हणून निघायचे नाही. काही सोवळ्या घरांतून या अंड्याला 'शाकाहारी' ठरवून स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला आहे, तो याच आधारावर. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर काय तो निवाडा द्यावा. मी आपला मराठीचा.

आमच्या घरी हा विषय निघाला तो धाकटीमुळे. ती सहावीत आहे, आणि सहावीतल्या मुलांना प्रश्न पडतात ते नेमके आपण जेवायला बसल्यावर. "बाबा, फ्रिजमधलं अंडं उबवलं तर?" या प्रश्नावर मी घास गिळून उत्तर देणार, तोच आई म्हणाली, "त्यात जीव नसतो गं. जिवाचं अंडं हवं." आई संगमेश्वरकडची. तिचे माहेर म्हणजे पुढे अंगण, मागे परसू आणि परसात पंधरा-वीस कोंबड्या, असे. कोल्हापुरात आमच्याकडे येऊन तिला बारा वर्षे झाली. पण घरामागच्या आमच्या पंचवीस फुटी पट्टीला ती अजून परसूच म्हणते, आणि ते मोकळे आहे याचे तिला मनातून वाईट वाटत असावे. कारण त्या दिवशी 'जिवाचं अंडं' हे शब्द उच्चारताना तिचा चेहरा जो उजळला, तो मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

जिवाची अंडी मिळाली आमच्या भाजीवाल्या मावशींकडून. त्यांच्या गावी घरोघर देशी कोंबड्या. त्यांनी वीस अंडी पेंढ्यात घालून आणली आणि बजावले, "मास्तर, समदी ह्याच आठवड्याची हाईत. लई दिस ठिऊ नगा." बाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण अंडे सात दिवसांपेक्षा शिळे झाले की त्यातून पिलू निघण्याचा भरवसा कमी होत जातो, हे कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतही असेच लिहिलेले आहे.

आता प्रश्न उबवण्याचा. थोरला अकरावीला, शास्त्र शाखेत. त्याने थर्मोकोलची पेटी आणली, तिला दोन बल्ब, एक लहानसा पंखा आणि तापमान ठरावीक अंशावर ठेवणारे एक यंत्र जोडले, आत पाण्याची वाटी ठेवली आणि साडेसदतीस अंश सेल्सिअसवर काटा बसवला. आई हे सारे पाहत होती. "बल्बानं कुठे पिल्लं होतात?" ती म्हणाली. मी तिला सांगितले की, इजिप्तमध्ये हजारो वर्षांपासून मातीच्या मोठाल्या भट्ट्यांतून कोंबडीवाचून अंडी उबवीत आले आहेत, आणि भट्टीवरचे कसबी लोक अंडे डोळ्याच्या पापणीला लावून त्याची ऊब ओळखतात. त्यावर ती एवढेच म्हणाली, "आम्ही गालाला लावायचो." आणि दुसऱ्या दिवशी तिने मावशींकडून एक खुडूक कोंबडी मागवून घेतली.

'खुडूक' हा शब्द शहरात आता फारसा ऐकू येत नाही. कोंबडी पंधरा-वीस अंडी घालून झाली की एके दिवशी तिचे अंगच बदलते. अंडी देणे बंद, फिरणे बंद, खाणेपिणे नावाला. पिसे फुलवून ती कोपऱ्यात बसून राहते, जवळ गेले की घशातून खर्जात गुरगुरते. पोटावरची पिसे झडून कातडी उघडी पडते, म्हणजे अंगाची ऊब अंड्यांना थेट पोहोचावी. आईच्या माहेरी अशी कोंबडी 'रवणीला बसली' म्हणत. बाजारासाठी अंडी देणाऱ्या लेगहॉर्न जातीतून माणसाने ही वृत्ती निवडीनेच घालवून टाकली; खुडूक बसणारी कोंबडी तेवढे दिवस अंडी देत नाही, हा तिचा गुन्हा. लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, आमची देशी साठ-सत्तर. पण उबवायचे कसे हे पहिलीला ठाऊक नाही.

अशा रीतीने आमच्या घरी दोन सूतिकागृहे सुरू झाली. पेटीत अकरा अंडी. आईच्या टोपलीत, पेंढ्यावर, नऊ. नऊच का, तर अंडी विषमच ठेवायची असतात. टोपलीच्या तळाशी आईने एक लोखंडी खिळा ठेवला. तो वीज कडाडली तरी अंड्यांतल्या जिवाला बाध येऊ नये म्हणून. थोरला हसला. मी हसलो नाही. लोकवाङ्मयाचा एक पेपर मी पंधरा वर्षे शिकवीत आहे.

मग सुरू झाले ते एकवीस दिवस. बदकाला अठ्ठावीस लागतात, लाव्याला सतरा-अठरा. कोंबडीचे गणित एकवीस. पेटीतली अंडी दिवसातून पाच वेळा फिरवायची, नाही तर आतला गर्भ कवचाच्या अस्तराला चिकटतो. हे काम धाकटीने घेतले. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला शून्य, अशा पेन्सिलीच्या खुणा करून ती ठरल्या वेळी हजर राही. टोपलीतली कोंबडी हेच काम चोचीने करी, आणि तेही वहीत न मांडता. दिवसातून एकदा ती उठे, मूठभर ज्वारी टिपे, पाणी पिई, धुळीत अंग घोळी आणि पंधरा-वीस मिनिटांत परत. तेवढ्या वेळात अंडी थोडी थंड होत, त्याने त्यांचे काही बिघडत नसे.

सातव्या रात्री दिवे घालवून आम्ही सारे पेटीभोवती बसलो. पुठ्ठ्याला अंड्याएवढे भोक पाडून त्यावर अंडे टेकवायचे आणि खालून मोबाइलचा झोत सोडायचा. पहिली दोन अंडी नुसतीच पिवळट उजळली. ती रिकामी होती. तिसऱ्यात मात्र लाल धाग्यांचे जाळे पसरले होते आणि मध्यावर एक काळा ठिपका हलत होता. कोणी काही बोलले नाही. आमच्या सौभाग्यवती या प्रकरणाकडे आतापर्यंत 'घाण कोण काढणार' या एकाच दृष्टीने पाहत होत्या. त्यांनीही ते अंडे हातात मागून घेतले. अॅरिस्टॉटलने रोज एकेक अंडे फोडून गर्भाची वाढ पाहिली होती आणि पांढऱ्या बलकात धडधडणाऱ्या रक्ताच्या ठिपक्याचे वर्णन करून ठेवले आहे. न फोडता पाहण्याची सोय त्याला नव्हती. एका अंड्यात जाळ्याऐवजी रक्ताचे नुसतेच एक वर्तुळ होते. तो जीव सुरू होऊन थांबला होता. ते बाजूला काढताना धाकटीने विचारले, "याला कळलं असेल का?" मी म्हटले, "नसावं." पेटीत आठ उरली.

चौदाव्या दिवशी वळीव आला. कोल्हापूरचा वळीव म्हणजे काय ते ज्याने पाहिले त्यालाच ठाऊक. पहिल्या कडकडाटालाच वीज गेली ती तीन तास आली नाही. पेटीवर गोधड्या पडल्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या गेल्या, काटा बत्तीसपर्यंत उतरला. थोरल्याने कुठेसे वाचले होते की, गर्भाला थोडा वेळ थंडी सोसते, उष्णता मात्र सोसत नाही. चाळीस अंशांच्या वर गेले की तासाभरात कारभार आटोपू शकतो. तरी त्याचे तोंड उतरलेच होते. मागच्या खोलीत कोंबडी पंख आणखी पसरून, मान आत ओढून, पिठाच्या गोळ्यासारखी बसून राहिली होती. तिच्याखाली खिळा होता.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नाहीत आणि पेटीत ओलावा वाढवायचा. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतले पाणी उडत राहते, म्हणून एकवीस दिवसांत पन्नास ग्रॅमचे अंडे सहा-सात ग्रॅमने हलके होते आणि बोथट टोकाला हवेची एक पोकळी मोठी होत जाते. पिलू आपला पहिला श्वास घेते तो त्या पोकळीत. म्हणजे बाहेर येण्यापूर्वी जवळजवळ एक दिवस ते अंड्याच्या आतच श्वास घेत असते, आणि ओरडतही असते. विसाव्या रात्री आम्ही ते ओरडणे ऐकले. बंद कवचातून आलेला तो 'चिक्' ऐकून कोंबडीने जो आवाज काढला, तो गेल्या वीस दिवसांत तिने एकदाही काढला नव्हता. तो खालच्या पट्टीतला, तुटक, बोलल्यासारखा होता. संस्कृतात पक्ष्याला 'द्विज' का म्हणतात हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. एकदा अंड्याच्या रूपाने जन्म, एकदा अंड्यातून. त्या रात्री त्या दोन जन्मांच्या मधली जागा ऐकायला मिळाली.

एकविसाव्या दिवशी सकाळी पेटीतल्या एका अंड्याला तडा गेला. चोचीच्या टोकावर एक कठीण दाणा असतो, त्याने पिलू कवच फोडते. काही दिवसांत तो दाणा गळून पडतो. दुपारपर्यंत दोन पिले ओली, थकलेली, बाहेर पडली. पण एक अंडे सकाळी टोचले गेले ते संध्याकाळपर्यंत तसेच. भोकातून चोच दिसे, उघडे, मिटे.

"बाबा, फोडा ना," धाकटी म्हणाली.

"हात लावायचा नाही," आई म्हणाली. "रक्त सुटेल."

आई म्हणत होती ते बरोबर होते. कवचाच्या आतल्या पडद्यात रक्तवाहिन्या असतात, त्यांतले रक्त पिलाच्या अंगात ओढले जायला वेळ लागतो. उरलेला पिवळा बलकही नाभीतून पोटात जायचा असतो. बाहेरून केलेली मदत बहुधा जिवावर बेतते. पण हे सांगणे सोपे आणि त्या चोचीकडे पाहत बसणे कठीण. धाकटी नऊ वाजता रडली, दहाला पेटीपाशीच झोपली. पहाटे तीनला ते पिलू बाहेर आले. शेजारचे दुसरे अंडे, तेही टोचले गेलेले, त्याच रात्री गप्प झाले. त्याला कुणी हात लावला नव्हता. आणखी एक टोचलेच गेले नाही. पेटीतून सहा आणि टोपलीतून आठ, अशी एकूण चौदा पिले झाली. नवव्यातून नुसताच वास आला.

पोटात गेलेल्या त्या बलकावर पिलू दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून राहू शकते. मागाहून फुटणाऱ्या भावंडांसाठी आईला बसून राहता यावे, ही त्यातली सोय. त्याच सोयीवर उबवणी केंद्रांचा एक दिवसाच्या पिलांचा सारा व्यापार चालतो. आमची पेटीतली सहा पिले पहिला दीड दिवस धाकटीच्या लाल चपलांमागे धावत होती. कोनराड लोरेन्झच्या हंसांची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. डोळे उघडल्यावर जे हलताना दिसेल ती आई. पेटीत ती राहिली असती तर पहिला आठवडा पस्तीस अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी, असे महिनाभर त्यांना बल्बाखाली वाढवावे लागले असते. आईने ते होऊ दिले नाही. रात्री दिवा न लावता, एकेक पिलू मुठीत घेऊन तिने कोंबडीच्या पंखाखाली सरकवले. कोंबडी गुरगुरली, जरा उठल्यासारखी झाली आणि बसली. सकाळी ती चौदा पिले घेऊन उठली. कोणते पेटीतले आणि कोणते टोपलीतले हे तिला कळले असल्याचे तिने दाखवले नाही. थोरल्याचे यंत्र आणि आईची टोपली यांच्यातला वाद तिथे मिटला.

सातव्या दिवशी मानमोडीची लस. या रोगाचे इंग्रजांच्या दप्तरातले नाव 'राणीखेत', कारण १९२८च्या सुमारास आपल्याकडे तो कुमाऊँतल्या त्या गावी नोंदला गेला. पण मान वेडीवाकडी वळून पक्षी मरतो हे ज्यांनी पाहिले त्यांनी ठेवलेले मराठी नाव अधिक खरे आहे. लस म्हणजे डोळ्यात एक थेंब. अडचण अशी की बाटली येते किमान शंभर पक्ष्यांची, आणि एकदा द्रावण केले की दोन तासांत संपवावी लागते. मावशींनी ती अडचण सोडवली. त्या सकाळी आमच्या दारात डालगी आणि पिशव्या घेऊन अकरा बायका आल्या आणि जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर बर्फाच्या डब्यासह मधोमध बसला. आमच्या कॉलनीत गणपतीची वर्गणी सोडली तर एवढी माणसे एका कारणासाठी कधी जमली नव्हती.

एक पिलू कावळ्याने नेले, दोन अशक्त होती ती दहा दिवसांत गेली. अकरा वाढली. कण्या, कोंडा, आमच्या मेथीच्या काड्या आणि सौभाग्यवतींचे तुळशीचे रोप, एवढे खाऊन वाढली. आणि अडीच महिन्यांनी, ज्याचा विचार घरात आई सोडून कोणी केला नव्हता, ते समोर आले. अकरांत सहा कोंबडे होते.

पक्ष्यांत नर की मादी हे मादीच्या बाजूने ठरते, आणि ठरते ते निम्मे-निम्मे. त्यात आश्चर्य काहीच नाही. आश्चर्य असलेच तर याचे की, आपण रोज अंडी खातो त्या कोंबड्यांचे भाऊ कुठे जातात असे कधी कोणी विचारीत नाही. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि अंगाने भरत नाही. म्हणून उबवणी केंद्रातून एक दिवसाचा असतानाच त्याला संपवतात. एक दिवसाच्या पिलाचे गुदद्वार उघडून नर-मादी ओळखण्याची विद्या जपानी लोकांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शोधली, ती यासाठीच. जर्मनीने २०२२च्या जानेवारीपासून नरपिले मारण्यावर बंदी घातली. तिथे आता अंड्यातच नर ओळखण्याची यंत्रे आली आहेत. डझनाचा हिशेब असा दोन डझनांचा असतो. दुसरे डझन आपल्या फ्रिजपर्यंत येत नाही. घरी अंडी उबवणाऱ्याच्या अंगणात मात्र ते येते, आणि आरवते.

आमचा पहिला आरवला तो सप्टेंबरात. तुरा मोठा, चाल रुबाबदार, दुसऱ्याच्या भांडणात पडण्याची सवय. धाकटीने त्याचे नाव 'सरपंच' ठेवले होते. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. ते तिसऱ्या दिवशी आले. "सर, तुमचा विद्यार्थी साडेचारला प्रार्थना घेतो," ते म्हणाले. आम्ही कोंबडे रात्री डालग्याखाली ठेवून वर पोती टाकू लागलो. सरपंच पोत्याखालून साडेचारलाच आरवे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण मी जन्मभर शिकवली. नागोयाच्या संशोधकांनी २०१३ साली असे दाखवले की, कोंबड्याच्या आतच घड्याळ असते आणि कायम अंधुक उजेडात ठेवले तरी तो पहाटेच्या सुमाराला आरवतो. म्हणजे झाकल्याने कोंबड्यालाही फसवता येत नाही. दुसरे दोघे आरवू लागल्यावर मुख्याध्यापक पुन्हा आले, आणि या वेळी ते हसले नाहीत. शिवाय सहाही एकमेकांचे तुरे फोडू लागले होते.

"एक ठेवायचा. पाच जायचे," आई जेवताना म्हणाली. "कोंबडा पाळायला नसतो."

"आपण रविवारी आणतो तोही कुणाचा तरी सरपंचच असतो ना?" धाकटीने विचारले. कोणी उत्तर दिले नाही. मी तिच्याकडे न पाहता आमटी वाढून घेतली.

मग आईने एक गोष्ट सांगितली. ती मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. तिच्या लहानपणी घरचा कोंबडा कापायचा असला की वडील तिला सकाळीच मामाकडे पाठवीत. दुपारी ती परत येई. "मला कळायचं," ती म्हणाली. "रस्सा घ्यायची मी. फोड नाही घ्यायची."

मावशी पाच कोंबडे न्यायला आल्या तेव्हा त्यांनी काही झाकून ठेवले नाही. "मास्तर, म्या पाळाय न्हेत न्हाई, बरं का," त्या धाकटीच्या देखत म्हणाल्या. सौभाग्यवतींनी तिला आत बोलावले. ती गेली नाही. एकेकाला उचलून, पंख दाबून धरून, तिने ते स्वतः मावशींच्या हातात दिले. मावशींनी पैसे दिले नाहीत. भुईमुगाच्या शेंगांची एक पिशवी दिली. आणि दोन दिवसांनी, रीत म्हणून, डबा पाठवला.

थोरल्याने खाल्ले. मी खाल्ले, सौभाग्यवतींनी खाल्ले. आईने रस्सा घेतला. धाकटीने पिठले आणि भाकरी खाल्ली, आणि उठताना विचारले, "चांगलं झालंय का?"

"झालंय," मी म्हटले.

सरपंच आहे. मुख्याध्यापकांशी तह झाला आहे. आठवड्याला सहा अंडी त्यांच्याकडे जातात आणि साडेचारला ते फिरायला निघतात. तलंगांपैकी दोघींनी अंडी द्यायला सुरुवात केली आहे. चौदा पिलांची ती आई तर गेल्या सोमवारपासून पुन्हा कोपरा धरून बसली आहे. आईने टोपली झाडून घेतली, खिळा शोधला आणि धाकटीला विचारले, "किती ठेवायची गं? नऊ?"

"पाच," धाकटी म्हणाली. "पाच म्हणजे कोंबडे दोन, नाही तर तीन."

मग तिने वही काढून त्यात तारीख लिहिली.